सुमीचा उपास आणि माझी तारीख

८ जाने., गुरु.
परवा घरी आणलं. केमो संपली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोग झोपलाय, मेलेला नाही. तो उठायच्या आत महिनाअखेरीला पुन्हा भरती व्हायचं, आणि बहिणीच्या, सुमीच्या, रक्तातून काढलेल्या पेशी मला चढवायच्या. तोवर घरी बसून ताकद धरायची, ताप येऊ द्यायचा नाही. जन्मात मला इतकं कमी काम कुणी सांगितलं नव्हतं.
डोकं तांब्यासारखं गुळगुळीत. नात इरा दारातनं म्हणाली, आजी, तू छान दिसतेस. सहा वर्षांची पोर आणि किती सफाईने खोटं. बापावर गेलीय.
ही वही तिचीच, निम्मी कोरी. चौथीनंतर आत्ताच इतकं लिहितेय. हात दुखतो.

१० जाने., शनि.
मला पुढच्या खोलीत कोंडलंय. सगळं शिजवलेलं, उकळलेलं. कोशिंबीर नाही, फुलं नाहीत, घरचं दही नाही, माणसं नाहीत. तुळशीची कुंडी खाली गौरम्माकडे गेली. आमची केतकी तोंडाला पट्टी बांधून ताट ठेवते आणि लगेच मागे सरते. सून सासूपासून लांब राहते, आणि तेही डॉक्टरच्या हुकमाने. नशीबवान आहे.
स्वयंपाक सुमी करते. माझी धाकटी बहीण, निपाणीहून आलीय. पेशी तपासल्या तेव्हा मंदारचं, माझ्या मुलाचं, माझ्याशी अर्धंच जुळलं, सुमीचं पुरतं. भाजीत गूळ घालायचा की नाही यावरही आमचं कधी जुळलं नाही. हाडाच्या आत मात्र जुळलं म्हणे.

१४ जाने., बुध. संक्रांत
कॉलनीतल्या पोरी नवे परकर नेसून एळ्ळु-बेल्ल वाटत आल्या. तीळ, गूळ, खोबरं, दाणे, सगळं कच्चं मिसळलेलं. इराने दारात डबा धरला. मला बाहेरचं चालत नाही, म्हणून सुमीने घरी तीळ भाजून लाडू केले. एक मी खाल्ला, एक तिला दिला. "नंतर खाते अक्का," म्हणाली आणि पदराच्या गाठीत बांधला.
लाडू काय बांधून ठेवायची वस्तू आहे? लहानपणी माझ्या हातातला हिसकून खायची.
येलहंक्याच्या तळावरची विमानं आज फार. माझ्या खोलीवरनंच जातात. या कानडी शहरात येऊन चाळीस वर्षं झाली, सवय होत नाही.

१९ जाने., सोम.
दवाखाना. माझे आकडे उत्तम. डॉक्टरीणबाई हसल्या. मग सुमीचे कागद बघितले आणि हसायच्या थांबल्या.
तिचं रक्त कमी भरलं. वजन उतरलंय. गेल्या महिन्यात तपासलं तेव्हा ठीक होती, आता अशी कशी? उपास वगैरे करता का, असं त्यांनी हिंदीत विचारलं, मग कानडीत. दोन्ही भाषांत सुमी नाही म्हणाली.
या अवस्थेत तिच्या पेशी काढणार नाहीत. महिनाअखेरची तारीख रद्द. लोहाची बाटली लावतील, पण अन्न पोटात गेलं पाहिजे. आधी रक्त वर येऊ दे. फार लांबवता येणार नाही, हेही सांगितलं. माझ्याकडे न बघता सांगितलं.
गाडीतनं परत निघालो. हेब्बाळच्या पुलावर गाड्यांची रांग लागली तेव्हा केतकी म्हणाली, "मावशी, मी तुम्हाला दिवसा जेवताना एकदाही बघितलं नाहीये."


२० जाने., मंगळ.
खोलीत बोलावून घेतलं. मी खाटेवर, ती दारात, दोघींच्या तोंडाला पट्ट्या. असं भांडण मी आजवर केलं नव्हतं.
कबूल झाली. मी दवाखान्यात पहिल्यांदा भरती झाले त्याच दिवशी महालक्ष्मीला नवस बोलली. अक्का बरी होऊन घरात येईपर्यंत एकभुक्त. रात्री एकदा दूधभात, बाकी चहा. घरी विचारलं की म्हणायची, मी मघाशी बसले. मी खोलीत कोंडलेली, मला काय दिसणार.
म्हटलं, अगं मूर्ख बाई, मला बरी करणारं रक्त तुझ्या अंगात आहे, आणि तू तेच वाळवतेस?
तर म्हणते, लहानपणी तुला विषमज्वर झाला तेव्हा आईने असंच केलं होतं. वाचलीस ना?
वाचले खरी. औषधाने वाचले की उपासाने, हे आईला मी मोठेपणी विचारलं होतं. आई म्हणाली, दोन्हीने. तिथं वाद संपतो.
सुमीला म्हटलं, सोड तो उपास. ती म्हणाली, "सोडला आणि तुला काही झालं तर मी कुठं जाऊ?"
 

२१ जाने., बुध.
सुमी रुसलीय. ताट केतकीच्या हाती धाडते. आमटीत गूळ जास्त. मुद्दाम.

२२ जाने., गुरु.
गौरम्माला सगळं कळलंय, म्हणजे कॉलनीला कळलंय. खालच्या मजल्यावरनं नाचणीचे उंडे, तिचे मुद्दे, आणि पालेभाजीचं सारू घेऊन आली, जिन्यात उभी राहून ओरडली, रक्ताला मुद्दे, अक्का, मुद्दे. तंगीला स्वल्प तरी खायला घाला. तंगी म्हणजे धाकटी बहीण. छप्पन वर्षांची तंगी.
भांडं तसंच परत गेलं.  उद्या परत आणणार ती.
मंदारने सुमीला समजावलं, अर्धा तास, इंग्रजीतले शब्द घालून. तिने ऐकून घेतलं आणि त्याला चहा करून दिला. पोरगा इंजिनियर आहे. बायकांशी बोलायचं शिकवत नाहीत तिकडे.

२४ जाने., शनि.
रात्रंदिवस एकच विचार. देवीला नाही म्हणायचं नाही, आणि सुमीला जेवायला घालायचं.
आज आठवलं. आमच्या आत्याच्या गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा तिचे सोमवार तिच्या सुनेने उचलले होते. हातावर पाणी सोडलं आणि झालं. देवाला उपास मिळाल्याशी काम, पोट कुणाचं का असेना.
मग इथं कुणाचं पोट?
माझं चालणार नाही. मंदारला दर दोन तासांनी भूक लागते.
केतकी.
ती तशीही दुपारपर्यंत काही खात नाही. कोरमंगल्याच्या ऑफिसात सगळ्यांनाच ते खूळ लागलंय, सोळा सोळा तास उपाशी. मी तिला दोन वर्षं त्यावरनं बोलतेय, लग्नाआधी हिला पुण्यात कुणी वाढत नव्हतं काय म्हणून. आता कुठल्या तोंडाने विचारू.

२५ जाने., रवि.
याच तोंडाने विचारलं. पट्टी होती, ते बरं झालं.
केतकीने ऐकून घेतलं. म्हणाली, उपासाचं ठीक आहे आई, पण रात्रीचा भात? मी भात सोडलाय. म्हटलं, देवीला तुझं डाएट मी कसं समजावू?  मला वाटलं नाही म्हणणार. मी असते तर म्हणाले असते.
"किती दिवस?"
"मी बरी होऊन घरात येईपर्यंत."
"मग लवकर या," म्हणाली आणि लॅपटॉप मिटला.
सुमी तयार व्हायला संध्याकाळ झाली. पाणी रीतसर सोडायचं, नारळ ठेवायचा, देवीला मोठ्याने सांगायचं, तरच. केलं. स्वयंपाकघरात देव्हाऱ्यापुढे दोघी बसल्या. फुलं नाहीत, अक्षता वाहिल्या. मी लांब दारात खुर्ची टाकून. सुमीने पळीभर पाणी केतकीच्या हातावर सोडलं आणि म्हणाली, आई महालक्ष्मी, माझा उपास आजपासून हिच्याकडे, अक्का तेवढी माझ्याकडे राहू दे.
इतका वेळ मी ठीक होते. मग खोलीत आले. 
येताना ऐकलं, सुमी मंदारला विचारत होती, चपात्या आहेत का रे. पाच खाल्ल्या म्हणे.

२९ जाने., गुरु.
सुमीला लोहाची बाटली लावून आणली. घरी आल्यावर मुद्दे, आता आमच्याच चुलीवरचे. गौरम्मा जिन्यातनं शिकवते, चावायचं नाही, सारूत बुडवून गिळायचं. सुमीला जमत नाही, दाताला चिकटतं म्हणते. निपाणीच्या जिभेला भाकरीच लागते. पण खाते.
मला पण अर्धा उंडा. मी चाळीस वर्षं गिळतेय, मला बरोबर जमतं.

२ फेब्रु., सोम.
केतकीचं वजन वाढलं. रात्रीच्या भाताने. उपास करून जाड झालेली पहिलीच बाई असेल. मी हसले तर म्हणाली, आई, तुम्ही बऱ्या झालात की याचा हिशेब होणार आहे. होऊ दे म्हटलं. त्यासाठी तरी येईन.
आता तिला दुपारचा डबा नाही, मी काही बोलत नाही. बोलायची सवय आहे, तोंड खाजतं. पण नाही बोलत.

५ फेब्रु., गुरु.
सकाळी सुमीचं रक्त नेलं. पुरेसं भरलं तर पुढच्या आठवड्यात दोघी भरती. नाही भरलं तर मंदारचं अर्धं जुळलेलं वापरायचं का, ते ठरवतील. मंदार ते हळू बोलतो, पण माझे कान शाबूत आहेत. डॉक्टरीणबाई दुपारपर्यंत फोन करणार होत्या.
बॅग भरली. सुती गाऊन, टोप्या, चष्मा. वही नेऊ देतील का विचारलं पाहिजे.
ताट आलं. तसंच राहिलं. उपासबिपास काही नाही, घास जाईना इतकंच. सुमी दारात येऊन बघून गेली. परत आली ती आपलं ताट घेऊन, आणि उंबऱ्यापलीकडे फतकल मारून बसली.
"अक्का, जेव."
"फोन येऊ दे."
"मी सोडलाय ना? मग तू धरायचा नाहीस."
खोडसाळ पहिल्यापासून. मी एक घास घेतला, मग तिने घेतला. मी थांबले की ती थांबायची. मुद्द्याचा मोठा तुकडा सारूत बुडवून तिने तोंडात टाकला, न चावता गिळला, आणि लहानपणी दाखवायची तसं तोंड उघडून दाखवलं.
माझ्या ताटात अजून थोडा भात आहे. तीही तुकडा हातात धरून बसलीय. फोन केतकीकडे आहे, ती गॅलरीत उभी. विमान चाललंय, वाजला तरी आत्ता ऐकू येणार नाही.
लिहायचं थांबवते. भात संपवते, ही बघतेय.