बाबांचं नव्वद टक्के गोदाम

सौ. ताईस,

धाकट्या भावाचा उभ्यानेच नमस्कार. (साष्टांग घातला असता, पण एकदा वाकलं की कंबर परत वर यायला तयार नसते. बाबांना उचलण्याची कृपा.) भाऊजींचे गुडघे आणि तुझी शाळा, दोन्ही बरं चालत असेल. इकडे सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.

बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा तू दवाखान्यात आलीस आणि निघताना त्यांना धीर दिलास, की माणूस जन्मभर दहाच टक्के मेंदू वापरतो, नव्वद टक्के नुसता पडून असतो, एवढ्याशा गुठळीने काय होतंय! तू बस पकडून गेलीस. ते नव्वद टक्के आमच्या गळ्यात पडले.

अगं, ज्याने उभा जन्म गोदाम सांभाळण्यात घालवला, त्याला शिल्लक जागेबद्दल सांगायचं का? घरी आल्या आल्या बाबांनी जाहीर केलं, की खराब झालेल्या भागातलं काम मागच्या रिकाम्या खोल्यांत हलवणं सुरू आहे. आणि माल हलवताना शटर खाली, गिऱ्हाईक बाहेर, हा त्यांचा नोकरीतला नियम. म्हणून ते दिवसभर डोळे मिटून पडतात. व्यायाम शिकवणाऱ्या बाई येतात, उजव्या हाताने एका वाटीतले वाटाणे दुसऱ्या वाटीत टाकायला सांगतात. बाबा म्हणतात, आत हलवाहलव चालू आहे, नंतर या. बाईंना वाईट वाटू नये म्हणून वाटाणे मी टाकतो. (माझा उजवा हात फार सुधारलाय.)

डॉक्टरांनी समजावलं, की दहा टक्के ही निव्वळ थाप. मेंदू सगळाच कामाला असतो, अगदी झोपेतसुद्धा. रिकामी खोली वगैरे काही नाही. शाबूत भाग हाताचं काम थोडंफार शिकून घेतो, पण हात हलवत राहिलं तरच, आणि ते याच महिन्यांत, नाहीतर हात असाच राहायचा. बाबांनी मुकाट्याने ऐकलं आणि डॉक्टर गेल्यावर मला म्हणाले, "बिचाऱ्याचे दहाच चालू दिसतात." मी तोंड उघडलं तर, "ती मास्तरीण आहे. तू फ्रिज दुरुस्त करतोस." संपला विषय! तुझ्या भावजयीने तर कधीच हात टेकले.

ताई, खरंच थकलोय गं. दिवसभर लोकांचे फ्रिज, घरी आलो की बाबा. आणि तो हात उशीवर नुसता पडलेला असतो, दिवसेंदिवस बारीक होतोय. बघवत नाही, भीती वाटते.

लोभ आहे तेवढा पुरे, मदत वाढवावी.

तुझा भाऊ

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. बाबांना फोन करून एवढंच सांग, की तू चुकलीस. (हे वाक्य तू जन्मात उच्चारलेलं नाहीस, ठाऊक आहे. आधी भाऊजींवर सराव कर.)

आणखी एक ता. क. फोन नको. आत्ता बाबांनी विचारलं, कोणाला लिहितोयस. ताईला, म्हटलं. तर म्हणाले, तिला म्हणावं येऊ नकोस, उगाच रजा वाया जाते. मग हळूच मला विचारलं, "तिचं नाव काय रे?" मी सांगितलं. दोनदा सांगितलं. चूक कबूल केली नाहीस तरी चालेल, ताई. पण ये.