दुखतं तिथे वाफ नको

गुरुवार, १४ तारीख, दुपारी

ठमे,

आशीर्वाद. आईने द्यायचे असतात म्हणून देते आहे, राग गेलाय असं समजू नकोस.

नऊ दिवसांची बाळंतीण तीन जिने उतरते, पोरीला छातीशी धरून टॅक्सीत बसून निघून जाते, आणि आईला हे कळतं कुणाकडून? खालच्या शिंपीणबाईकडून! मी औषधाच्या दुकानात गेले होते, तुझ्याच गोळ्या आणायला. परत येते तर ही दारात उभी, तोंडात टाचण्या धरून म्हणते, "लेक गेली वाटतं घरी? बरं झालं, लवकर हिंडूफिरू लागली." मी म्हटलं, "हो तर, आमच्याकडच्या सगळ्या अशाच." वर येऊन बघते तर पाळणा रिकामा आणि ताटाखाली चिठ्ठी, "जाते. काळजी करू नकोस." चार शब्द! किराणा मागवताना मी याहून जास्त लिहिते, आणि माझी शाळा चौथीत सुटली आहे.

तेव्हापासून तुझा फोन बंद. जावईबापूंना लावला की "ती झोपली आहे." मंगळवारी दोनदा झोपलेली, काल तीनदा. बाळंतिणीला एवढी झोप मिळत असती तर मी अजून दोन पोरं काढली असती. त्यांना सांग, खोटं बोलायच्या आधी घसा खाकरत जाऊ नका, लगेच कळतं.

म्हणून हे पत्र. फोनवर तसंही मला जमलं नसतं. तू पलीकडून नुसतं "हं" म्हणाली असतीस आणि मी ओरडले असते.

बाबा पिशवी घेऊन येतील. त्यात तुझी धुवायची बाटली आहे, ती न्हाणीघरात तशीच राहिली. गोळ्या आहेत. जुन्या चादरीची मऊ फडकी आहेत, मी स्वतः उकळून, वाळवून, इस्त्री करून घड्या घातल्या आहेत, दुकानची समजू नकोस. पत्र डिंकाने चिकटवलंय कारण तुझ्या बाबांना कुणाचंही पाकीट म्हणजे आपलंच वाटतं. मघाशी विचारत होते, "काय एवढं खरडतेस?" म्हटलं, औषधं कशी घ्यायची ते. तेही खोटं नाही.

मंगळवारचं मी उगाळत बसणार नाही. तुला खुर्चीवर बसवेना, तू उभ्याने जेवत होतीस, मी एक बोलले, तू रडलीस. एवढंच झालं. त्यावरून कुणी घर सोडून जात नाही.

काल कामावर न जाता मी दवाखान्यात गेले. तुझी ती जाड भिंगाची नर्सबाई, जी बाळंतपणात "लाव जोर वाघिणी, लाव जोर" म्हणून तुझ्याहून जास्त ओरडत होती, तिला गाठायला. दीड तास रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला तर म्हणते, "पेशंट कुठे आहे?" मी म्हटलं, "पेशंट रुसून घरी गेली, मी तिची आई." हसली. मग विचारते, "टाक्यांना काय काय करताय?"

मी सांगितलं. ऐकून तिचं हसू गेलं.

हे आता नीट वाच, दोनदा लिहिणार नाही.

तुला आठवतं, घरी आल्यापासून मी रोज सकाळ-संध्याकाळ कढत पाण्यात पंचा पिळून टाक्यांवर धरायला लावत होते. तू म्हणालीस, "आई, त्यांनी थंड सांगितलंय." मी म्हटलं, "थंडाने अंग आखडतं." तू विव्हळलीस, तर म्हटलं, "दुखतंय म्हणजे लागू पडतंय." माझा जन्म लाँड्रीत गेला, ठमे. सुरकुती असो, डाग असो, आखडलेली लोकर असो, वाफ दिली की सुटतं, एवढंच मला माहीत. नर्सबाई म्हणाली, "अहो, ती काय चादर आहे? पहिल्या दिवसांत तिथे सूज असते. कढत धरलंत की सूज वाढते. त्या जागेची जाणीवही कमी झालेली असते, भाजलं तरी पटकन कळत नाही. दुखतं तिथे वाफ नको, बाई." सगळ्या रांगेसमोर. मी पंचवीस पोरींना इस्त्री शिकवलेली बाई, मान खाली घालून उभी.

तेव्हा तुझं बरोबर होतं. माझं चुकलं. हे लिहून दिलंय, जपून ठेव.

आता तिने सांगितलेलं. सूज वाटली तर बर्फ फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं धर, उघडा बर्फ कातडीला लावायचा नाही. लघवीला बसलीस की बाटलीने कोमट पाणी वरून सोडत राहा, आग होत नाही. पुसताना घासू नकोस, फडकं नुसतं टेकवायचं, आणि पुढून मागे. टबात कोमट पाण्यात दहा मिनिटं बसलीस तरी चालेल. कोमट म्हणजे माझं कोमट नाही, तुझं. त्यात औषधी पाणी, मीठ, काही ओतायचं नाही. (मी ओतत होते. तेही तिला सांगितलं. तिने कपाळाला हात लावला.)

शौचाला कुंथू नकोस. भरपूर पाणी पी, भाज्या खा, फळं खा, आणि बसताना फडक्याची स्वच्छ घडी टाक्यांवर हलकी दाबून धर, म्हणजे टाके तुटतील ही भीती वाटत नाही. तू चार दिवस जात नव्हतीस आणि मी म्हणत होते, "खातेस कुठे, जाशील कशी." तू भीतीने जात नव्हतीस. हे मला नर्सबाईने सांगितलं. मला कळायला हवं होतं, मला सगळ्यात आधी कळायला हवं होतं.

गोळी घड्याळ बघून घे, जशी लिहून दिली आहे तशी. दुखणं डोक्यावर बसेपर्यंत थांबू नकोस, त्यात काही शौर्य नाही. दूध पाजताना कुशीवर झोपून पाज, बसायची सक्ती नाही. मी जी मधे भोक असलेली गादी शिवून घेतली शिंपीणबाईकडून, तिच्यावर घटका दोन घटका बसलीस तर ठीक, दिवसभर नको म्हणाली. पोरीहून जड काही उचलायचं नाही. बादली तर नाहीच नाही. जावईबापूंना दोन हात दिलेत देवाने, त्यांना उचलू देत.

आणि ताप आला, टाके उकलले, घाण वास आला, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, किंवा तासाभरात घडी रक्ताने भिजायला लागली, तर मला कळवत बसू नकोस. उठायचं आणि सरळ दवाखाना गाठायचा.

झालं. औषधं कशी घ्यायची ते झालं. इथे पत्र संपवलं असतं तरी चाललं असतं, आणि मघाशी मी पेन ठेवलंही होतं. चहा केला. तो गार झाला. परत बसले आहे.

मंगळवारी मी एक बोलले असं वर लिहिलंय. एक नाही बोलले.

तू उभ्याने जेवत होतीस. शिंपीणबाई ती गादी द्यायला आली होती. तिच्यासमोर तू मला हळूच म्हणालीस, "आई, खाली काहीतरी उतरून आल्यासारखं वाटतंय गं. ओझं लटकल्यासारखं. असं होतं का?" आणि मी म्हटलं, "नाटकं पुरे. जगात तू एकटीच व्यालीस का? आम्ही बाराव्या दिवशी कामावर उभ्या होतो." शिंपीणबाई हसली. तू ताट ठेवलंस.

तू मला घाबरून विचारत होतीस. मी तुझ्याहून जास्त घाबरले, ठमे. कारण ते ओझं मला ठाऊक आहे.

बाराव्या दिवशी मी कामावर उभी होते हे खरंच आहे. हे मी तुला लहानपणापासून ऐकवत आले, छाती पुढे काढून. पुढचं कधी ऐकवलं नाही. तेव्हा दुकानात मशिनं नव्हती, ओल्या चादरींचा बोचका दोघींनी मिळून उचलायचा असे. दुसरी त्या दिवशी आली नाही. मी एकटीने उचलला. मालक "वा" म्हणाला. त्याच संध्याकाळी मला ते जाणवलं, तू म्हणालीस अगदी तसंच. माझं अंग खाली आलं, गर्भाची पिशवीच. तेव्हापासून ते तसंच आहे.

तू सव्वीस वर्षांची आहेस, म्हणजे तेही सव्वीस वर्षांचंच.

संध्याकाळपर्यंत उभी राहिले की ते बाहेर येतं. न्हाणीघरात जाऊन मी बोटाने आत सारते आणि परत इस्त्री धरते. शिंकले, खोकले, हसले की कपडे ओले होतात. तुझ्या लग्नात मी फोटोला हसले नाही म्हणून तू महिनाभर बोलली नव्हतीस. तो तुझा फोटोवाला भारी विनोदी होता, दुसरं काही कारण नव्हतं. तुझ्या बाबांना माहीत नाही. त्यांना वाटतं मला पाठीचं दुखणं आहे आणि स्वभावाचं. झाकली मूठ म्हणून मी ती एवढी वर्षं झाकून ठेवली, आणि तू तेच बोलून दाखवलंस तर तुझ्या तोंडावरून हात फिरवायच्या ऐवजी तुला चारचौघात हिणवलं.

नर्सबाईला मी विचारलं ते फक्त तुझ्याबद्दलच. "लेकीला खाली ओझं वाटतंय, तिचं काय होणार?" ती म्हणाली, पहिल्या आठवड्यांत पुष्कळींना तसं वाटतं, सगळं सैल झालेलं असतं, बहुतेकींचं विश्रांतीने आणि व्यायामाने सुधारतं. पण एकदा तपासून घ्यायचं, अंदाजावर सोडायचं नाही. हे ऐकून मला एवढं हायसं वाटलं की ठसका लागला. ठसका लागला तशी मी पायावर पाय घट्ट दाबून टेबल धरलं. तिने भिंगांच्या वरून बघितलं आणि विचारलं, "तुम्हाला किती वर्षं?"

मी म्हटलं, "कसलं काय?"

"उगाच वेळ घालवू नका, मागे रांग आहे."

तर सांगितलं. चारच वाक्यांत. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगितलं आणि ती वहीत लिहीत होती, जसं काही मी दूधवाल्याचा पत्ता सांगत होते. मग म्हणाली, "याला उपाय आहे. व्यायाम आहेत, आत बसवायचं रबरी कडं असतं, नाहीतर छोटं ऑपरेशन. आधीही होता. का नाही आलात?"

मला रडू नाही आलं. राग आला. कुणावर ते अजून ठरवते आहे. मालकावर म्हटलं तर तो मेला. माझ्या आईवर म्हटलं तर तिलाही हेच असणार, ती शेवटी शेवटी मांडी घालून बसत नव्हती, आता आठवतं. तिने मला सांगितलं नाही, मी तुला सांगणार नव्हते. तुझी पोर अकरा दिवसांची आहे. तिला तरी कुणी "नाटकं" म्हणू नये एवढं बघ.

आता कामाचं. नर्सबाईने येत्या मंगळवारच्या दोन वेळा लावून दिल्या आहेत, दहाला तुझी आणि साडेदहाला माझी. तुझं त्या डॉक्टरीणबाई बघतील, टाके, सूज, आणि ते ओझंही. पोरीला घेऊनच ये, तिचं वजनही करतील. टॅक्सीत मागे आडवी होऊन ये, गादी घे, खड्ड्यांवरून हळू न्यायला सांग.

माझी वेळ मी काल दोनदा रद्द करायला निघाले होते. एकदा दवाखान्याच्या फाटकापासून परत फिरले, एकदा फोन लावून ठेवून दिला. एकटी गेले तर मी दारातूनच परत येईन, मला माझी खात्री आहे. मालकाशी भांडले, घरमालकाला पोलिसात न्यायला निघाले होते, पण त्या पलंगावर जाऊन झोपायची मला भीती वाटते. तुझ्या बाबांना नेणार नाही, त्यांना आधी सगळं सांगावं लागेल आणि ते मी मंगळवारनंतर सांगेन. तू हवी आहेस. तू काही करायचं नाही, नुसतं पडद्याच्या अलीकडे बसायचं. बसवत नसेल तर उभी राहा.

माझ्यावरचा राग ठेव. राग ठेवूनही येता येतं.

येणार की नाही, एवढं कळव. सोमवारी सकाळी दवाखान्यात नावं पक्की करायची आहेत, म्हणून रविवारी संध्याकाळी सहाच्या आत. जावईबापूंचा निरोप चालणार नाही, "ती झोपली आहे" तर मुळीच चालणार नाही. तुझ्या तोंडून हवं. सहा म्हणजे सहा.

तुझी वाट बघणारी,
आई