चारचौघांत घेतलेलं नाव

पूर्णा,
ता. ३-११-८६

ती. गं. भा. तानुआत्यास नर्मदाचा शि. सा. न. वि. वि.

नवऱ्याचं नाव ओठांवर आलं की त्याचं आयुष्य तेवढं कमी होतं, असं तू मला माझ्या हळदीच्या दिवशी सांगितलं होतंस. ते आज का आठवलं, सांगते. हे परवा सोनपेठच्या बाजाराला गेले होते. तुझं निराधाराचं अनुदान दुसरीच बाई तुझ्या नावानं अंगठा देऊन घेऊन गेली आणि तू तिथंच उभी होतीस, असं ऐकून आले. वांग्यांच्या तराजूवरून अख्खा बाजार गोळा करणारी माझी आत्या गप्प कशी राहिली? कळव.

तुझ्या मायेची भुकेली,
नर्मदा

शेळगाव,
ता. ९-११-८६

चि. सौ. नर्मदास अनेक आशीर्वाद.

मी सांगायले, भगवानराव मास्तर लिहायलेत. तालुक्याचा नवा माणूस पैसे वाटायला बसलाता. आपल्या गावचं कुणी न्हवतं. तानुबाई म्हणून पुकारा झाला, तशा दोघी उठलो. त्यानं नवऱ्याचं नाव इचारलं. मी पदर दातात धरला. तुला ठावं हाय, मी पुनवेच्या चांदालाबी ‘वरचा दिवा’ म्हणते. तवर त्या बाईनं ठणठणीत नाव घेतलं. मला वाटलं, काय निलाजरी बाई हाय! मग ध्यानात आलं, नाव तर माझ्याच मालकाचं. लय ओरडले. तो म्हणला, मग तू सांग की नाव. तवर बाई पसार.

आता सतरा तारखेच्या सोमवारी तालुक्याला बोलावलंय. नाव आपल्याच तोंडानं सांगायचं, न्हाईतर अनुदान बंद. जवारी सरत आलीय, पर जीभ वळत न्हाई गं. जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी आत्या
(अंगठा)

पूर्णा,
ता. १३-११-८६

ती. आत्यास शि. सा. न.

निलाजऱ्या बाईपाशी हसू आलं, ते ज्वारीपाशी थांबलं. चंद्रभानमामा आता नाहीत, आत्या. त्यांचं काय कमी होणार? तू घेत नाहीस म्हणून ते नाव त्या परक्या बाईच्या तोंडी राहिलंय.

रविवारी मी येते. सोमवारी साहेबापुढं आधी मी यांचं नाव मोठ्यानं घेईन. आजवर कधी घेतलेलं नाही. यांना विचारलं, तर म्हणाले, माझं आयुष्य जरा घटलं तरी चालेल, आत्याची ज्वारी संपायला नको.

जावयाच्या काळजीनं तू माझ्याच तोंडावर हात ठेवशील, स्वतः तर मान हलवून नाही म्हणशील, हे मला ठाऊक आहे. तरी मागते. एकदाच, तुझ्या तोंडानं, मामांचं नाव घे.

रागावलीस तरी मला दुरावू नकोस.

तुझीच,
नर्मदा