चंद्रावरचा पाऊस पास झाला

प्रिय नीलकंठ,

मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५, सकाळी सहा वाजून बावन्न मिनिटं. त्या वेळी तुझ्या फोनवरून मला उत्तर आलं, ‘खूप सुंदर माहिती, ताई.’ खाली जोडलेले हात आणि एक गुलाब. त्याआधी पंधरा दिवस नुसतं ‘छान’ येत होतं, ते मी तुझ्या सर्दीवर घातलं. मी पाठवलेली बातमी होती भिंतीच्या एका नव्या रंगाची, जो म्हणे भर मे महिन्यात घर थंड ठेवतो. तू फॅक्टरीत जन्मभर इन्स्पेक्शनला होतास. गाडीच्या चाकापासून बायकोच्या पुरणपोळीपर्यंत एकही वस्तू तू पहिल्या फेरीत पास केली नाहीस, आणि हा रंग तुला सुंदर वाटला? शिवाय मी तुझी ताई कधीपासून झाले? कॉन्व्हेंटचा निळा स्कर्ट घालून पहिल्यांदा घरी आले, त्या दिवसापासून तू मला ‘मिस’ म्हणतोस. आई रागावली, अण्णांनी कान धरला, तरी तू सोडलं नाहीस. ते मी सहन केलं. गुलाब मी सहन करणार नाही.

तू लेकाकडे, मोहनकडे, नागपूरला राहायला गेलास तेव्हा आपण काही ठरवलं नव्हतं, पण पद्धत पडली. मी सकाळच्या चहाबरोबर टॅबलेट उघडायची, जगात कुठे काय नवल निघालं ते शोधायचं, त्यातलं एक तुला पाठवायचं. तू त्यावर ‘रिजेक्ट’ असा शिक्का मारायचास आणि खाली एकच कारण. एकापेक्षा जास्त कारणं दिली तर कारखानदार वाद घालतो, असं तुझं म्हणणं. आकाशात नेणारी लिफ्ट मी पाठवली, तर तू विचारलंस की मध्येच अडकली तर मेकॅनिक काय शेजारच्या सिहोऱ्याहून बोलवायचा? ड्रायव्हरशिवाय चालणारी गाडी पाठवली, तर म्हणालास, तुमच्या तिथल्या सराफ्याच्या गल्लीत आणा, पुढे गाय बसवा, मग बोलू. प्रयोगशाळेत वाढवलेलं मांस, डोळ्यात लेन्ससारखा घालायचा पडदा, म्हाताऱ्यांची सेवा करणारा यंत्रमानव, सगळे तुझ्या टेबलावरून परत गेले. यंत्रमानवाच्या बाबतीत तुझं कारण मला पटलं होतं. तो कंटाळत नाही, म्हणून त्याच्याशी भांडता येत नाही.

खरं सांगायचं तर मला ह्या भविष्याचं फारसं कौतुक नाही. मी थकले आहे, नीलकंठ. रोज कोणी तरी सांगतो की माणूस दीडशे वर्षं जगणार, आणि मला वाटतं, कशाला? मदन महल भागातल्या ह्या घरात अंजनी स्वयंपाकाला येते, तिच्याशी हिंदी. दूधवाल्याशी हिंदी, बँकेत हिंदी. शेजारची मुलगी आपल्यातलीच, तिला मराठी कळतं, पण उत्तर देते, ‘अच्छा, आंटीजी.’ दिवसाकाठी मराठीत भांडायला मला एकटा तू होतास. म्हणून मी नवलं शोधत होते. तू त्यांत खोट काढलीस की माझा दिवस सुरू व्हायचा. तो गुलाब आला त्या दिवशी तो सुरूच झाला नाही. पलीकडे तू आहेस की नाहीस, एवढंच मला कळायला हवं होतं.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. लाइनवर कोण आहे, हे नाव न विचारता कळायची सवय लागते, आणि सवयी पेन्शनबरोबर जात नाहीत. मी परीक्षा घेतली. दुसऱ्या दिवशी मी स्वतः रचलेली बातमी पाठवली, की शास्त्रज्ञांनी चंद्रावर पाऊस पाडणारं यंत्र बसवलं असून तिथे मटाराचं पहिलं पीक आलं आहे. उत्तर आलं, ‘वा, विज्ञान किती पुढे गेलं! धन्यवाद, ताई.’ चंद्रावरचा पाऊस पास. मटारसुद्धा पास. मी चहा तसाच ठेवला आणि फोन लावला.

विभावरीने उचलला. तुझी सून गुणाची आहे, फक्त खोटं बोलताना फार गोड होते. बाबा आराम करून राहिले, बाबा आंघोळीला गेले, बाबा बाहेर गेले. तिचं असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, नीलकंठच्या कानाशी फोन धर, नाही तर मी दुपारच्या गाडीत बसते. तिने धरला. मी तुला नेहमीसारखं झापलं. पलीकडे श्वास होता, तुझाच होता. मग ‘मि’ एवढंच आलं, आणि पुन्हा ‘मि’, आणि पुढचं अक्षर काही येईना. मी फोन ठेवला नाही, विभावरीनेच काढून घेतला.

मोहनने संध्याकाळी सगळं सांगितलं. संक्रांतीनंतर झटका आला, उजवा हात गेला, बोलणं गेलं. समजतं सगळं, असं डॉक्टर म्हणतात. आत्या एकटी राहते, तिला काहून सांगायचं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. त्याला मी जे बोलले ते इथे लिहीत नाही, कारण हे पत्र विभावरी वाचून दाखवणार आहे. नंतर तीही फोनवर आली. माझे संदेश रोज सकाळी तीच तुला वाचून दाखवते आणि तुझ्या वतीने चार चांगले शब्द लिहिते, असं सांगितलं. मग रडत म्हणाली, “आत्या, राग मानू नका, पण ते असलं काही नका पाठवत जाऊ. वाचलं की बाबा मान हलवून राहतात, पलंगावर हात आपटतात. त्या चंद्राच्या पावसाला तर बीपी वाढलं.”

विभावरी, आता हे सावकाश वाच आणि ह्याच्या तोंडाकडे बघ. तुझा सासरा घाबरत नव्हता, बाई. तो रिजेक्ट करत होता. रोज, एकेक, नियमाने. तू घरच्या वळणाप्रमाणे वडीलधाऱ्या बाईला उलट लिहायचं नाही म्हणून ‘सुंदर’ लिहीत होतीस, आणि हा इकडे हात आपटत होता की अरे, माझ्या नावावर काय माल पाठवून राहिले! बीपी माझ्या बातमीने नाही वाढलं, तुझ्या गुलाबाने वाढलं. तू त्याची सेवा करतेस, मला माहीत आहे. माझ्याच्याने झाली नसती. पण बातम्या मी बंद करणार नाही.

नीलकंठ, ह्याच कामासाठी हे पत्र लिहायला बसले. सोबत एक कागद छापून जोडला आहे. ज्यांचं बोलणं गेलं त्यांच्या मेंदूतले शब्द ओळखून ते मोठ्याने उच्चारणाऱ्या यंत्राची बातमी आहे. अजून प्रयोगच चालू आहेत, आपल्या हयातीत नागपूरला पोचेल असं मला वाटत नाही. तरी मी ती तीनदा वाचली, आणि सगळ्या नवलांत हे पहिलंच मला मनापासून आवडलं आहे, म्हणून मला त्याची भीती वाटते. तू तपासून दे. डावा हात शाबूत आहे, त्यात पेन्सिल धर. अक्षर कसंही येऊ दे, मी एक्स्चेंजमध्ये मोठमोठ्या साहेबांचं अक्षर वाचलं आहे. पास की रिजेक्ट, आणि कारण एकच. विभावरीच्या हातचं, फोनवरचं किंवा तोंडी निरोपाचं उत्तर मी धरणार नाही. तुझं लेखी उत्तर होळी पेटायच्या आत, १३ मार्चपर्यंत, माझ्या हातात पडलं पाहिजे.

तुझीच, आणि अजून रागावलेली,
मिस