खटला तुझ्या नावावर झालाय

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण परवा दोन तास चौकात उभं राहून कायदा सांगितल्यामुळे पायांत गोळे आलेत, तेव्हा तूर्त कमरेच्या वरच्या अंगांवर भागवून घे. तू बरी असशील, तुझ्या खोलीतला पंखा अजून टकटक करत असेल आणि साहेब अजून रजा देत नसेल, असं धरून चालतो. इकडे सगळं ठीक. बाबांचा खोकला ठणठणीत आहे, बाबा मध्यम.

फोन न करता पत्र का, असं तू म्हणशील. फोनवर तू मला मध्येच तोडतेस. शिवाय तुझा फोन आला की बाबा किल्ल्या घासायचं मशीन बंद करतात. (म्हणे मोटर तापते. तू गेल्यापासूनच्या चौदा महिन्यांत ती मोटर फक्त तुझ्या फोनलाच तापलीय.) मग ते पाठ करून हातातली किल्ली फुंकत बसतात आणि मला मनातलं काही बोलता येत नाही. तू नोकरीसाठी निघालीस तेव्हा ते म्हणाले, जायचं तर जा, मग परत यायचं नाव काढू नकोस. तू म्हणालीस, नाही काढणार. आपल्या घराण्यात आजवर कोणी दिलेला शब्द पाळल्याचं ऐकिवात नाही, आणि तुम्ही दोघांनी नेमका हाच पाळायला घेतला.

असो. मुद्दा असा, की तुझ्यावर खटला झालाय. घाबरू नकोस, आधी पूर्ण वाच.

मंगळवारी सकाळी मी तुझ्या स्कूटरवरून गोदामवाल्याचं कुलूप पोचवायला निघालो होतो. हेल्मेट डोक्यात, लायसन्स खिशात, चेहऱ्यावर सज्जनपणा. मोठ्या सिग्नलला पांढऱ्या पट्ट्याच्या पुढे माझं अर्धं चाक गेलं. (अर्धंच. बाकी दीड चाक कायद्यात होतं.) मागून शिट्टी वाजली. मला वाटलं दुसऱ्या कोणाला असेल, म्हणून हिरवा लागल्यावर निघालो. पुन्हा शिट्टी. मग एक हवालदार, आधी पोट आणि मागून ते स्वतः, असे धावत येऊन माझ्यापुढे उभे राहिले आणि हाश्शहुश्श करत म्हणाले, "बहिरा आहेस का आंधळा, ते आधी सांग. पुस्तकात तसं लिहितो."

ताई, त्या क्षणी मला तू आठवलीस. तू वकिलाकडे टायपिंगला होतीस तेव्हा रोज स्कूटरवर मागे बसून माझ्याकडून हक्क पाठ करून घ्यायचीस. पोलिसाने अडवलं तर पहिलं काय, दुसरं काय, आणि चुकलं की हेल्मेटवर टिचकी. शाळेत मला पाढे आले नाहीत, कारण बाईंना टिचकी नीट मारता यायची नाही. तुझे सहाच्या सहा हक्क मात्र झोपेतही येतात. मी स्टँड लावला, छाती पुढे काढली आणि पहिला म्हटला, की काका, आपलं नाव आणि बक्कल नंबर सांगा. त्यांनी छातीवरच्या पट्टीवर बोट ठेवलं. पट्टी एवढी घासलेली, की फक्त शेवटचा आकडा दिसत होता. पहिला हक्क तिथेच अडकला.

तेवढ्यात त्यांनी हात घालून स्कूटरची किल्ली काढली. माझ्या अंगावर काटा आला, कारण हा तुझा हक्क क्रमांक दोन. मी म्हटलं, "काका, किल्ली तुम्हाला काढता येत नाही." ते म्हणाले, "निघाली की." आणि मला दाखवली. आता यावर तू काय शिकवलं होतंस, सांग बरं. मग मी खिशातून दुसरी किल्ली काढून लावली. त्यांनी ती काढली. मी तिसरी लावली. बाबांचा माझ्यावर विश्वास नाही म्हणून ते मला एकाच गाडीच्या तीन किल्ल्या देऊन पाठवतात, हे त्या माणसाला कुठून माहीत असणार. तिसरी काढल्यावर त्यांनी हळूच विचारलं, अजून आहेत? मी म्हटलं, चौथी दुकानात आहे. झालं. पट्ट्याचा गुन्हा राहिला बाजूला, गाडी चोरीची ठरली.

मग कागद. कागदावर तुझं नाव. ही कोण? ताई. कुठे आहे? लांब. कधी येणार? आता बघ, लायसन्सचं, विम्याचं, पीयूसीचं, सगळ्याचं उत्तर माझ्याकडे होतं. हे एकच तू पाठ करून घेतलं नव्हतंस. मी पुन्हा विम्याचाच कागद पुढे केला.

"आणि शिट्टी ऐकू आली नाही तर नाही," काका म्हणाले, "मी मागून हात करत होतो, तो आरशात दिसू नये?" असं म्हणून ते गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि डाव्या आरशात बघायला लागले. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "अरे, यात रस्ताच दिसत नाही. यात मागची सीट दिसते."

मला खरं सांगावं लागलं. तू मागे बसायचीस तेव्हा टिचकी कधी पडणार ते आधी कळावं, म्हणून मी तो आरसा तुझ्या तोंडावर लावून ठेवला होता. तू ओठ आवळलेस की मी मान खाली घालायचो. तू गेल्यावर फिरवायचा राहिला. म्हणजे राहिला असं नाही. दोनदा हात घातला होता. स्क्रू घट्ट आहे, असं मी स्वतःला सांगितलं. (मी कुलूपवाल्याचा मुलगा. घट्ट स्क्रू आमच्या दुकानात दिवसाला पन्नास येतात.)

काकांनी विचारलं, "मग आता काय दिसतं?"

मी म्हटलं, "सीट."

त्यावर ते टोपी काढून आतला घाम पुसत बसले. सिग्नल तीनदा लाल झाला, लोक पट्ट्यावरून अख्ख्या चाकाने पुढे गेले, त्यांनी एकालाही शिट्टी मारली नाही.

पण कायदा तो कायदा. शेवटी पावती फाडली गेली. गाडी तुझ्या नावावर, म्हणून खटलाही तुझ्या नावावर. पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शुक्रवारी सकाळी साडेदहाला मालकाने जातीने कोर्टात हजर राहायचं आहे. मी पुष्कळ विनवण्या केल्या, हातापाया पडलो, पण वर्दी ती वर्दी, पाझर फुटेना. तेव्हा तू साहेबाला सांग, की कोर्टाचं बोलावणं आहे, रजा द्यावीच लागेल. बाबांसाठी येऊ नकोस, माझ्यासाठी तर मुळीच नको. कायद्यासाठी ये. कायद्यापुढे तुझाही शब्द मोडला असं होत नाही आणि त्यांचाही.

बाकी क्षेम. आपल्या गल्लीतला खड्डा बुजवला, आता शेजारी नवा आहे. तुझी मांजर मला अजून नोकर समजते. मोठ्यांना नमस्कार, तुझ्या साहेबाला मात्र काही नाही.

तुझाच,
बोक्या

ता. क. तू वकिलाकडे काम केलंयस, तुला शेंडी लावणं सोपं नाही, म्हणून थोडी दुरुस्ती. आरशाचं ऐकल्यावर काकांनी पावतीपुस्तक खिशात टाकलं होतं. तिन्ही किल्ल्या माझ्या हातावर ठेवून म्हणाले, आरसा सरळ कर आणि घरी जा. हातापाया पडलो ते खरं, पण पावती फाडा म्हणून. तुझा पाचवा हक्क म्हटला, की मला कोर्टात जाण्याचा अधिकार आहे. ते म्हणाले, अरे, मी गुन्हाच लिहीत नाही तर जाणार कशाला? यावर चाळीस मिनिटं गेली. शेवटी कंटाळून म्हणाले, तीस वर्षांच्या नोकरीत असा आरोपी पाहिला नाही.

ता. क. २. शुक्रवार त्यांनीच काढून दिला. आधी सोमवार लिहीत होते. मग पेन थांबवून म्हणाले, शुक्रवार घेऊ, पुढे शनिवार-रविवार जोडून येतात, पोरीला लगेच पळावं लागणार नाही. सहावा हक्क, म्हणजे तोंड सांभाळ, तो मला तिथे पहिल्यांदा जमला.

ता. क. ३. (हे अक्षर माझं आहे.) बोक्याने पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं. वाचलं. एवढ्याशा गुन्ह्याला मालकाने यायची गरज नसते, सहीचं पत्र पाठवलं तरी चालतं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तरी ये.
बाबा