मेहुण्याची उलटी पैज

मी, मॉरिस थ्रेलफॉल, वय एकाहत्तर, धंदा प्लॅस्टरचा (आता बंद), राहणार कॅनल स्ट्रीट, ऑकरशॉ, लँकेशायर, हे सगळं माझ्याच स्वयंपाकघरात बसून माझ्याच हाताने लिहून ठेवतोय. माझं डोकं ठिकाणावर आहे असं डॉक्टरांचं म्हणणं आहे. त्यांनी माझ्या बेटिंगच्या चिठ्ठ्या पाहिलेल्या नाहीत. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. ते काम माझी बायको डोरीन करायची, आणि ती जाऊन सहा वर्षं झाली. याआधी मी असं काही लिहिलं असेल तर ते रद्द समजावं.

कारण असं की गुरुवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. सर्जनबाई म्हणाल्या, दहातले नऊ जण चालत घरी जातात. त्यांना वाटलं, मला धीर येईल. पण मी सगळा जन्म खालच्या डिव्हिजनच्या फुटबॉलवर पैसे लावण्यात घालवलाय. दहात नऊ वेळा जिंकणारच अशा टीमनीच मला कायम मातीत घातलंय. बाईंना मी तसं सांगितलं, तर त्यांनी माझं ब्लडप्रेशर परत घेतलं.

कलम एक, घर. हे घर माझी भाची लोर्ना हिला द्यावं. अट एकच. समोरच्या खोलीच्या भिंतीत खिळा ठोकायचा नाही. ते प्लॅस्टर मी डोरीनशी भांडून दोन दिवस घराबाहेर राहायचं ठरवलं होतं आणि पाऊस आला तेव्हा केलेलं आहे. तितकं गुळगुळीत काम माझ्या हातून पुन्हा झालं नाही. रागात माणूस हात जपून चालवतो.

कलम दोन, अवजारं. थापी, रंधा, ओळंबा आणि पत्र्याची बादली ऑकरशॉ टाऊन फुटबॉल क्लबला. पाहुण्या टीमच्या ड्रेसिंगरूमची भिंत ओलीने सुटलीय. ती दुरुस्त करू नये. घरच्या टीमची करावी. ओल्या भिंतीचा आपल्याला वर्षाला दोन-तीन गोलांचा फायदा होतो असं माझं मत आहे, आणि ते मैदानात मी वारंवार मांडलेलं आहे.

कलम तीन, बँकेतली शिल्लक. ती माझी बहीण एनिड हिला. किती आहे ते तिने कोणाला सांगू नये. मोठा आकडा आहे म्हणून नव्हे.

कलम चार, ज्ञान. हेही लोर्नाला. ती शाळेत गणित शिकवते, तिच्या कामाचं नाही, पण दुसरं कोणी घेणार नाही. लोर्ना, ऐक. वरच्या डिव्हिजनमध्ये खेळाडू बघतात. खाली तसलं काही नसतं. खाली टीमची बस बघायची. मंगळवारी संध्याकाळी जी टीम समुद्रकाठापासून पाच तास बसून आलीय तिचे पाय शेवटच्या अर्ध्या तासात लाकूड होतात. वारा बघायचा. मैदानाचा उतार बघायचा. आमच्या मैदानाला कालव्याच्या बाजूला उतार आहे, आणि नाणेफेक जिंकून वरच्या बाजूला उभा राहणारा कॅप्टन मूर्ख समजावा. नवा मॅनेजर आला की पहिली मॅच जिंकतात, त्याच्यावर लाव. दुसरीवर लावू नकोस. गोलकीपरचं नुकतंच लग्न झालं असेल तर घरीच बस.

हे सगळं बरोबर आहे. तरी मी कंगाल का? कारण दर शनिवारी मी पाच मॅचची एक चिठ्ठी करायचो. पाचही लागल्या तर घबाड, एक गेली की सगळी चिठ्ठी मेली. चार टीम मी वरच्या नियमांनी निवडायचो. पाचवी म्हणून टाऊन जिंकणार असं लिहायचो. प्रत्येक वेळी. चार लागायच्या. डोरीन म्हणायची, "अरे, त्यांना सोडून दुसरी कुठलीही टीम लिही ना, आपण स्पेनला जाऊ." मी म्हणायचो, ते कसं शक्य आहे? आम्ही स्पेनला गेलो नाही.

कलम पाच, क्लिफर्ड. हा एनिडचा नवरा, लोर्नाचा बाप, माझा मेहुणा. याला काहीही देऊ नये. मोजेसुद्धा नाहीत.

कारण नोंदवून ठेवतो. २००९ च्या मे महिन्यात सीझनची शेवटची मॅच होती, आमच्याच मैदानात, ब्रॅक्सटन रोव्हर्सशी. बरोबरी झाली असती तरी टाऊन वाचली असती. शेवटच्या मिनिटाला आमच्याच बॅकने गोलकीपरकडे बॉल मागे दिला. गोलकीपर तेव्हा बुटाची नाडी बघत होता. आम्ही खालच्या डिव्हिजनमध्ये गेलो. माझ्या शेजारच्या सीटवर क्लिफर्ड तोंड झाकून रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. सोमवारी मी बेटिंगच्या दुकानात गेलो तर हा खिडकीशी उभा, पैसे घेतोय. ब्रॅक्सटनवर लावले होते. आपल्याच टीमच्या विरुद्ध. ऑकरशॉमध्ये माणूस बायकोला सोडू शकतो, चर्च बदलू शकतो. हे करत नाही.

तेव्हापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही. सीट मात्र बदलली नाही, कारण बदलायची तर त्याने बदलावी. त्याचंही बहुतेक तेच मत असावं. नऊ सीझन आम्ही मांडीला मांडी लावून मुके बसलोय. काही सांगायचं असलं तर मागच्या रांगेतल्या माणसाकडे वळून सांगायचं, शेजाऱ्याला ऐकू जातं. एकदा टाऊनने जादा वेळेत गोल केला तेव्हा चुकून मिठी मारली. निम्म्यात दोघांच्याही लक्षात आलं, पण मिठी निम्म्यात सोडता येत नाही.

आता कायदा असा की मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, आणि साक्षीदाराला त्यातलं काही मिळत नाही. म्हणून मी मुद्दाम क्लिफर्डला साक्षीदार म्हणून बोलावलंय. एनिडकरवी निरोप दिला. पुढेमागे कोणाला दया आली तरी याला काही मिळू नये याची ही पक्की सोय. तो आत्ता समोर बसून माझी बिस्किटं खातोय.

कलम सहा, माझी राख. मैदानावर टाकायची नाही, माळी नाही म्हणतो, गवत जळतं. शिवाय मैदानावर आधीच अकरा जण

इथे मला थांबावं लागलं, कारण क्लिफर्ड बोलला.

तो म्हणाला, "मी सही केली तर एनिडचेही पैसे जातील."

मी पेन खाली ठेवलं.

"साक्षीदाराच्या बायकोलाही मिळत नाही," तो म्हणाला. "माझ्या आत्याचं घर असंच गेलं."

म्हणजे माझी चिठ्ठी नेहमीसारखी. चार कलमं बरोबर आणि पाचव्याने सगळं मेलं. मी विचारलं, "तू वाचत होतास?"

"उलटं वाचत होतो. तुझं अक्षर उलटंच बरं लागतं."

बोलणं सुरू झालंच होतं, आणि गुरुवार परवावर आलाय. म्हणून मी विचारलं, ब्रॅक्सटनवर का लावलेस? त्याने बिस्कीट चहात बुडवलं. इतका वेळ धरून ठेवलं की ते तुटून तळाला गेलं.

"मॉरिस, मी जन्मात कधी पैज जिंकलोय?"

मी आठवून पाहिलं. जत्रेत त्याने ज्या गाढवावर पैसे लावले ते शर्यतीत खाली बसलं होतं. लोर्नाच्या वेळी मुलगा होणार यावर लावले होते.

"मी ज्याच्यावर लावतो ते बुडतं," तो म्हणाला. "सगळ्या गावाला माहीत आहे. म्हटलं, ब्रॅक्सटनवर लावू, म्हणजे ब्रॅक्सटन बुडेल. महिन्याचं सगळं पेन्शन लावलं. जोर यावा म्हणून."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"आधी सांगितलं तर गुण जातो. आणि नंतर तू ऐकणार होतास?"

नसतं ऐकलं. हेही नोंदवून ठेवतो.

त्या पैशाचं काय केलं, असं मी विचारलं. एनिडला कपडे धुवायचं मशीन घेतलं, म्हणाला. ठेवून घ्यायची हिंमत झाली नाही. अजून चालतं. शेवटी गरगरायला लागलं की तो बाहेर जाऊन उभा राहतो, त्याला ती मॅच आठवते.

डोरीन गेल्यापासून मी दर रविवारी माझे कपडे त्याच मशीनमध्ये धुतोय. टाऊनचा मफलरसुद्धा. क्लिफर्ड दार उघडायचा, न बोलता मशीनकडे बोट दाखवायचा. मला वाटायचं, याला माझा राग आहे.

मग त्याने खिशातून पाच पौंडांची नोट काढली आणि माझ्या कागदाशेजारी ठेवली.

"गुरुवारी तू वाचत नाहीस," तो म्हणाला. "पाच पौंड."

मी ती नोट उजेडात धरून बघितली. इतक्या वर्षांत माझ्यावर कोणी पैसे लावले नव्हते. म्हटलं, "फक्त पाच? पेन्शन नाही लावत?"

"मागच्या वेळी तीच चूक झाली. जास्त लावलं की लागतं."

मी उठलो. दुसरी बिस्किटं काढली, चांगली, चॉकलेटची.

वकील म्हणेल, हे फाडा आणि नव्याने लिहा. मी फाडणार नाही. लोर्नाने हे असंच वाचावं. फक्त पुढचं जोडतो.

कलम सात. कलम पाच रद्द. मोजे क्लिफर्डला द्यावेत, त्याच मशीनमधून निघालेत.

कलम आठ. माझी सीझनची सीट उरलेल्या मॅचपुरती लोर्नाला. तिने बापाच्या शेजारी बसून त्याच्याशी सरळ बोलावं. मागच्या रांगेतल्या माणसाने पुष्कळ सोसलंय.

कलम नऊ. मी गुरुवारी टेबलावरून उठलो नाही तर क्लिफर्डला त्याची नोट परत द्यावी, आणि वर माझ्या पैशातून पाच पौंड द्यावेत, अंत्यविधीच्या खर्चाच्या आधी. पैज ती पैज. ते घेताना त्याने माझ्या शवपेटीकडे बघू नये. मी उठलो तर नोट माझी, आणि शनिवारी ती टाऊनवर लागेल. म्हणजे मी वाचलो तरी ती नोट वाचायची नाही.

साक्षीदार: इम्तियाज मिर्झा आणि शकीला मिर्झा, शेजारचं घर. दोघांना फुटबॉलमधलं काही कळत नाही, त्यामुळे त्यांची साक्ष निःपक्ष मानावी. दोघांच्या देखत मी सही केली, मग माझ्या देखत त्या दोघांनी.

सही: मॉरिस थ्रेलफॉल
सही: इम्तियाज मिर्झा
सही: शकीला मिर्झा

क्लिफर्ड हजर होता, पण त्याने सही केलेली नाही, कारण तो आता या मृत्युपत्राचा लाभार्थी आहे. त्याला काही मिळू नये अशी दोन्ही पक्षांची इच्छा आहे.

ऑकरशॉ, मंगळवार, ६ नोव्हेंबर २०१८