नळीवरचं नाव

बोरी बुद्रुक, ता. जुन्नर
१६ नोव्हेंबर २००६

संपतराव,

नमस्कार. आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, हे मंचरहून आलेल्या माणसाकडून समजलं. त्यांना म्हणावं, चुलीच्या धुरात बसू नका. इकडे कांद्याची लागण चालू आहे. आमच्या आरोहीची सहामाही संपली. वैजयंती बरी आहे.

हे शेवटचं वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं.

दोन वर्षं आपण बोललो नाही. त्या साखरपुड्यात तुम्ही चार माणसांत म्हणालात, "लिव्हर असंच न्हाई जात, पावणं. कुठं बसल्याबिगर व्हतंय व्हय?" मी दारूला शिवलेलो नाही, हे तुमच्या बहिणीने रडून सांगितलं. तुम्ही हसलात. तो राग आज बाजूला ठेवतो. फोन केला असता, पण फोन घरात आणि वैजयंतीही घरातच.

माझ्या रक्तात हिपॅटायटिस सीचा विषाणू आहे; लिव्हर त्यानेच बिघडलं. ऑगस्टपासून दर शुक्रवारी पोटावर इंजेक्शन आणि रोज सहा कॅप्सूल. या औषधांनी रक्त कमी होतं. पुण्याचे डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, हिमोग्लोबिन दर पंधरा दिवसांनी तपासा; दहाच्या खाली गेलं तर औषधाचा विचार करावा लागेल. विचार म्हणजे बंद, असं मी धरून चाललो. पुन्हा विचारलं नाही. औषध बंद झालं तर मी संपलो, एवढंच डोक्यात.

दीड महिन्यात चौदाचं साडेनऊ झालं. तो आकडा मी पुण्याला कळवलाच नाही. फळ्यावर लिहिताना हात आपोआप खाली यायचा. पोरांना शुद्धलेखन घालून मी खुर्चीत बसायचो.

जुन्नरच्या एका लॅबचा रखमाजी घरी येऊन रक्त नेतो. माझ्या हाताखाली शिकलेला. पुढच्या खेपेला वैजयंतीनेच हात पुढे केला.

"माजं घे. नाव ह्यांचं लिही."

"काकू, आसं न्हाई चालत. नोकरी जाईल माजी."

"एकाच घरातलं रगात हाय. तुजे गुरुजी न्हाई सांगणार, मी न्हाई सांगणार. मग तू कशाला सांगतोस?"

तो माझ्याकडे वळला. मी म्हणालो, "लिही." गुरुजींनी सांगितलं म्हणून त्याने लिहिलं.

बारा पॉइंट आठ आलं. डॉक्टर फोनवर खूश. "लई गुणाचं हाय माजं रगात," ती म्हणाली. आम्ही दोघं हसलो.

असं तीनदा केलं. तिसऱ्या वेळी चिठ्ठीवर दोन तपासण्या होत्या. बारा आठवड्यांत विषाणू किती उरला, ही दुसरी. माझं लक्ष हिमोग्लोबिनवरच होतं. रखमाजीने दोन नळ्या भरल्या. दोन्ही तिच्या हातातून, दोन्हींवर माझं नाव.

सोमवारी एकटाच पुण्याला गेलो. डॉक्टर कागद पाहून म्हणाले, "विषाणू लाखांत आहे. औषध लागू पडलेलं दिसत नाही."

ते रक्त माझं नव्हतं, संपतराव.

चौऱ्याण्णव साली आम्ही दोघं एकदम टायफॉइडने पडलो होतो. गावात येणारा डॉक्टर एकाच सुईने टोचायचा, आधी मला, मग तिला. त्यातून झालं की कशातून, कोण सांगणार? तुमच्या बहिणीला दारूच्या वासानेही मळमळतं. आता माझ्यावर तुमचा विश्वास बसेल. तो कधीच बसला नसता तर बरं झालं असतं.

नळीतलं रक्त कोणाचं, ते मी डॉक्टरांना सांगितलं नाही. निघताना एवढंच विचारलं, माझं हिमोग्लोबिन उतरलं असतं तर? ते म्हणाले, "कॅप्सूल कमी केल्या असत्या. रक्त वाढवायचं इंजेक्शनही असतं. लगेच बंद कशाला करू?"

इतकं साधं होतं.

काल रखमाजीकडून स्वतःचं रक्त तपासून घेतलं. सात पॉइंट चार. ओट्यापर्यंत चालताना धाप लागते. वैजयंती रोज विचारते, "पुण्याचं काय झालं?" मी म्हणतो, रिपोर्ट यायचाय. माझ्यासाठी ती बीट किसते. स्वतः तोंडात घालत नाही. परवा कांद्याच्या वाफ्यातच मटकन खाली बसली. म्हणाली, ऊन लागलं. नोव्हेंबरात कसलं ऊन?

येत्या मंगळवारी तिला घेऊन पुण्याला जातो आहे. डॉक्टरांना सगळं सांगेन. रखमाजीचं नाव मात्र पुढे येऊ देणार नाही. तिचं रक्त आता तिच्या नावाने तपासायचं. त्याआधी तिला कळायला हवं. तीन दिवस प्रयत्न केला. जमलं नाही.

सकाळी आठची एसटी आहे, नारायणगावहून. नारायणगाव सुटलं की मी सांगायला लागेन. मंचर येईपर्यंत सांगून झालेलं असेल. तुम्ही मंचरच्या स्टँडवर चढा. माझ्याशी बोलू नका हवं तर. तिच्या शेजारची जागा मी तुम्हाला देईन आणि उभा राहीन.

तुम्ही आला नाहीत, तर तिला पुण्यापर्यंत माझ्याच शेजारी बसून जावं लागेल.

तिचा अपराधी,
गोरख